गेमिंग पीसीला प्रोसेसर कोणता घेऊ? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओव्हरक्लॉक झेपेल का?

यावल_पोरगा :

नमस्कार मंडळी. सध्या दादाचा जुना पीसी चालवू राहिलो, आय५-४४६० आणि सोबत जीटीएक्स १०५० टीआय. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, विंडोज ११ ह्या प्रोसेसरवर सरळ मार्गाने चढत नाही आणि व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० न् सिक्युअर बूट ह्या सुरक्षेच्या सोयी मागतो, म्हणजे नवीन घेतल्याशिवाय गत नाही. यंदा केळीला भाव बरा मिळाला म्हणून पप्पांनी नव्वद हजार कबूल केलेत, मॉनिटर त्यात नाही, तो १०८०पी १४४ हर्ट्झवाला आधीच घेऊन ठेवलाय.

वापर म्हणाल तर रोज व्हॅलोरंट आणि सीएस२, शनिवार-रविवार जीटीए, आणि मामेभाऊ लग्नाचे शूट करतो त्याचे व्हिडिओ मी एडिट करून देतो, ते सीझनपुरतं. ग्राफिक कार्ड आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ९०६० एक्सटी ह्यातलं एक बघतोय.

आता प्रोसेसर. जळगावला एका दुकानदाराने सांगितलं की सेकंडहँड इंटेलचा आय५-१३६००के आहे, बी७६० मदरबोर्डासोबत देतो, ‘के’ वाला आहे म्हणून ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर) करून देतो वरून, आणि त्याचे वेगळे पैसे. मित्र म्हणतो एएमडीचा रायझन ५ ५६०० घे, स्वस्त पडेल. यूट्यूबवर बघावं तर जो तो ७६००एक्स नाहीतर एक्स३डी म्हणतो. डोकं फिरलंय.

आणि मुख्य अडचण अशी की माझी खोली वरच्या मजल्यावर आहे, स्लॅब दिवसभर तापतो, मे महिन्यात बाहेर ४४-४५ आणि रात्री दहा वाजताही खोलीत बसवत नाही. एसी नाही, डेझर्ट कूलर आहे. लाईट जाते-येते, संध्याकाळी व्होल्टेज खाली येतं. अशात ओव्हरक्लॉक करावं का, केलं तर किती फरक पडतो, आणि प्रोसेसरसोबत जो पंखा येतो त्याच्यावर भागेल का? आपल्या भागात कोणी प्रत्यक्ष चालवत असेल त्याने सांगा, पुण्या-मुंबईवाल्यांचे एसीतले आकडे मला कामाचे नाहीत.

तापीकाठ_भुसावळ :

भाऊ, आधी त्या सेकंडहँड ऑफरचं बोलतो कारण पैसे तिथे अडकतील. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो हे खरं आहे, पण त्याला बोर्डही झेड सिरीजचाच लागतो, झेड६९० किंवा झेड७९०. बी७६० वर रॅमचा स्पीड वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे ज्याने स्पीड ठरतो तो आकडा, वाढवता येत नाही. मग त्या बोर्डावर ओव्हरक्लॉक करून देतो म्हणजे नेमकं काय करून देणार हे त्यांना समोर बसून बायोस (बोर्डाच्या मूळ सेटिंगचा प्रोग्राम) उघडून दाखवायला सांग, आणि तोपर्यंत त्याचे वेगळे पैसे देऊ नको.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. १३ व्या आणि १४ व्या जनरेशनच्या डेस्कटॉप चिपमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जायचा प्रॉब्लेम निघाला होता, त्याने चिप आतून हळूहळू खराब व्हायची, मग गेम चालू होताना क्रॅश, कार्ड चांगलं असून व्हिडिओ मेमरी कमी पडल्याची एरर, असलं काहीही. इंटेलने ऑगस्ट २०२४ ला ०एक्स१२९ आणि सप्टेंबर २०२४ ला ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचना) बायोस अपडेटमधून दिले आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. पण अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली झीज भरून येत नाही. त्यामुळे १३६००के सेकंडहँड घ्यायचाच असला तर बिल पाहिजे, बॉक्स पाहिजे, आणि आधीच्या मालकाने बायोस कधी अपडेट केलं होतं ते कळलं पाहिजे. हे तिन्ही मिळत नसेल तर सोडून दे. चिप वाईट नाही, ६ मोठे कोर (काम करणारे भाग) आणि ८ छोटे, २० थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), तुझ्या व्हिडिओ एडिटिंगला ती ७६०० पेक्षा पुढेच राहील, पण फुल लोडला १८१ वॅटपर्यंत जाते आणि तुझ्या त्या स्लॅबखालच्या खोलीत ते सगळे वॅट उष्णता होऊन तुझ्याच अंगावर येणार.

आता कोणता घ्यायचा. लोक प्रोसेसर निवडताना प्रोसेसरकडेच बघत बसतात, बघायचं असतं मॉनिटर आणि गेमकडे. १४४ हर्ट्झ म्हणजे एक फ्रेम साधारण ७ मिलिसेकंदात तयार झाली पाहिजे. व्हॅलोरंट आणि सीएस२ तू लो सेटिंगला १०८०पी वर खेळणार, तिथे कार्डाला फार काम नसतं, सगळा भार प्रोसेसरवर, आणि तोही दोन-चार कोरवरच. म्हणून तुला सोळा कोर नको, प्रत्येक कोर वेगवान पाहिजे. तुझ्या आत्ताच्या पीसीवर एक गंमत करून बघ, गेमचं रिझोल्यूशन एकदम खाली आण, एफपीएस वाढले नाहीत तर अडकलंय ते प्रोसेसरपाशी, वाढले तर कार्डापाशी. नवीन पीसीवरही हीच टेस्ट कर.

माझं मत रायझन ५ ७६००, एक्स नसलेला. ६ कोर १२ थ्रेड, ६५ वॅट, ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत आपोआप चढतो, बॉक्समध्ये पंखा येतो आणि डिस्प्लेपुरते ग्राफिक्सही आहेत, कार्ड रिपेअरला गेलं तरी पीसी बंद पडत नाही. ७६००एक्स म्हणजे तीच चिप, ५.३ पर्यंत जाते, १०५ वॅट घेते, पंखा मिळत नाही. गेममधला फरक डोळ्याला दिसणारा नाही. ५६०० पण चांगलाच, अजूनही कोणाकडे एएम४ (५६०० चं जुनं सॉकेट) बोर्ड आणि डीडीआर४ (जुन्या पिढीची) रॅम पडून असेल तर मी तोच सांगतो. पण तुझ्याकडे काहीच नाही, सगळं नवीन घेतोयस, तर बंद होत चाललेल्या सॉकेटवर का जायचं. एएमडीने एएम५ ला, म्हणजे ७६०० च्या सॉकेटला, २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देऊ म्हणून सांगितलंय. २०१७ चा एएम४ बोर्ड घेतलेल्या लोकांनी बायोस अपडेट करून त्याच्यावर २०२२ चा ५८००एक्स३डी बसवलेला आहे, हे लक्षात घे.

रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून जे चढलेत त्याने बजेट ओढलं जाईल, पण १६ जीबीची एकच काडी घेऊन मोकळा होऊ नको, घेतल्या तर जोडीच घे.

सातपुडा_शिरपूर :

तापीकाठ दादांशी निवडीबाबत सहमत. मी ७६०० च चालवते, शिरपूरला, एसीशिवाय, म्हणून ओव्हरक्लॉक आणि उन्हाळा ह्यावर सविस्तर लिहिते, कारण ह्या प्रश्नाला यूट्यूबवर कोणी हातच लावत नाही.

प्रोसेसरचं तापमान हे नेहमी खोलीच्या तापमानावर बसलेलं असतं. समजा एखाद्या कूलरने चिप खोलीपेक्षा ४० डिग्री वर राहते, तर २५ च्या एसी खोलीत ती ६५ दाखवेल आणि आपल्या ४२ च्या खोलीत ८२. कूलर तोच, चिप तीच. ७६०० ची मर्यादा ९५, त्याच्या पुढे ती स्वतःच स्पीड कमी करते. म्हणजे व्हिडिओतल्या माणसाकडे ७० डिग्रीची जागा आहे, आपल्याकडे मे महिन्यात ५०-५३ ची. रिव्ह्यू बघताना त्याने खोलीचं तापमान किती सांगितलंय ते आधी बघायचं आणि आपला फरक त्यात मिळवायचा, बस.

दुकानदार लिक्विड कूलर गळ्यात मारेल, त्याचंही हेच. पाणी असो की तांब्याच्या नळ्या, शेवटी उष्णता खोलीतल्याच हवेत सोडायची असते, खोलीपेक्षा थंड कोणीच करू शकत नाही. ७६०० वर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी फुल लोडला तो ८८ पर्यंत घेतो, त्याच्या वर जाऊ द्यायचं नसेल तर चार हीटपाइपचा १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर पुरून उरतो. बॉक्सचा पंखा जुलै ते फेब्रुवारी चालेल, पण एप्रिल-मेमध्ये व्हिडिओ रेंडरला लावला की ९५ ला जाऊन टेकेल आणि आवाज वेगळा. चिप जळणार नाही, फक्त संथ होईल.

आता ओव्हरक्लॉकचा हिशोब. चिप किती पॉवर खाते हे फ्रिक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग ह्या प्रमाणात वाढतं. ४.६ गिगाहर्ट्झ १.२५ व्होल्टवर चालत असलेली चिप तुम्ही ४.८ ला नेली आणि त्यासाठी १.४० व्होल्ट द्यावे लागले, तर स्पीड वाढला ४ टक्के आणि पॉवर वाढली ३१ टक्के. हे कागदावर करून बघा. त्यात तुमचा गेम १०० टक्के प्रोसेसरवर अडकलेला असला तरच ते ४ टक्के एफपीएसमध्ये दिसणार, आणि उन्हाळ्यात ती ३१ टक्के उष्णता तुम्हाला मर्यादेवर नेऊन बसवणार, मग चिप स्वतःच ४.८ सोडून खाली येणार. शिवाय सगळे कोर एका आकड्यावर फिक्स केले की आपोआप ५.१ ला जाणारा एकटा कोर पण त्याच ४.८ ला अडकतो, म्हणजे व्हॅलोरंटमध्ये उलट तोटा.

ह्याच्या उलट दिशेला फायदा आहे. बायोसमध्ये पीबीओच्या (एएमडीची बूस्ट वाढवायची सोय) आत कर्व्ह ऑप्टिमायझर म्हणून पर्याय असतो, त्यात निगेटिव्ह आकडा दिला की प्रत्येक पायरीला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी होतात. कारखान्यातून चिप निघताना कंपनी सगळ्यात कमजोर चिपही चालावी म्हणून थोडं जास्तीचंच व्होल्टेज ठेवते, आपल्या हाताला लागलेली चिप बऱ्याचदा कमी व्होल्टेजवर तेच काम करते. मग तीच चिप कमी तापते, आणि कमी तापते म्हणून जास्त वेळ वरच्या स्पीडवर टिकते. आपल्या भागात उन्हाळ्यात स्पीड मिळवायचा खरा रस्ता हाच आहे, मी ह्याबद्दल अगदी ठाम आहे.

फक्त टेस्टिंग नीट करा. सिनेबेंच ही फुल लोडची टेस्ट पास झाली म्हणजे झालं असं नाही, निगेटिव्ह आकड्याची चिप फुल लोडला टिकते आणि गाणं ऐकत बसलं की रिस्टार्ट होते, कारण हलक्या लोडला एकच कोर सगळ्यात वर चढतो आणि तिथे व्होल्टेज कमी पडतं. त्यासाठी कोरसायकलर नावाचं फुकट टूल आहे, ते एकेक कोर तपासतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए नावाची हार्डवेअरची एरर दिसली की ज्या कोरची असेल त्याचा आकडा पाचने मागे घ्यायचा.

आणि डेझर्ट कूलरसमोर कॅबिनेट ठेवू नका. ओली हवा आणि धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांत चिखलाचा थर बसतो, तो ब्लोअरनेही निघत नाही. खिडकी उघडी ठेवून, हवा कॅबिनेटच्या बाजूने जाईल अशी जागा बघा.

धुळे_ओसी :

भाऊस्वन, बठ्ठा जन ओव्हरक्लॉकले नाव ठेवी राह्यनात, मी जरा उलटं सांगस. पुढचं मराठीतच लिहितो, सगळ्यांना कळू द्या.

ताईंचा हिशोब बरोबर आहे, पण पोरगं नवीन शिकतंय त्याला ओव्हरक्लॉक म्हणजे फक्त व्होल्टेज वाढवणं असं वाटायला नको. १९९८ ला सेलेरॉन ३००ए यायचा, ३०० मेगाहर्ट्झचा, बस ६६ ची १०० केली की सरळ ४५० वर चालायचा, दीडपट. २०११ चा आय५-२५००के घ्या, ३.३ चा प्रोसेसर साध्या टॉवर कूलरवर ४.५ ला वर्षानुवर्षं चालवलेली माणसं आहेत. तेव्हा कंपनी चिपमध्ये जागा सोडायची आणि आपण ती वापरायचो. आता बूस्ट नावाखाली कंपनी स्वतःच ती जागा वापरून टाकते, म्हणून हाताने वाढवायला उरतं ते थोडं. पण थोडं म्हणजे शून्य नाही, आणि ते प्रोसेसरच्या कोरपेक्षा रॅममध्ये जास्त आहे.

रॅमचं कोणी नीट बोललं नाही म्हणून मी बोलतो. डीडीआर५ ची ६००० ची किट घेतली आणि बायोसमध्ये एक्सपो, म्हणजे रॅमला तिच्यावर लिहिलेल्या स्पीडला चालवायची सेटिंग, चालू केलंच नाही तर ती बऱ्याचदा ४८०० वरच पडून राहते, लोक वर्षभर तशीच वापरतात आणि म्हणतात की एफपीएस कमी येतात. ७६०० ला एएमडीने अधिकृत सांगितलेला स्पीड ५२०० आहे, म्हणजे ६००० वर चालवणं हेही ओव्हरक्लॉकच, फक्त एका बटणाचं. घेताना ६००० सीएल३० बघ (सीएल म्हणजे रॅमला लागणारा उशीर, कमी तेवढा चांगला), सीएल४० स्वस्त मिळते पण गेममध्ये फरक जाणवतो, खास करून सरासरीपेक्षा ज्या खालच्या फ्रेम असतात तिथे, आणि अटकल्यासारखं वाटतं ते त्याच खालच्या फ्रेममुळे. दोनच काड्या लाव. चार काड्या लावल्या की ह्या सिरीजचा अधिकृत स्पीड ३६०० वर येतो, पुढे वाढेलच ह्याची खात्री नसते.

एक्सपो चालू केल्यावर एक आकडा बघायचाच, एसओसी व्होल्टेज, म्हणजे चिपमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं. २०२३ च्या एप्रिलमध्ये ७००० एक्स३डी सिरीजच्या काही चिप सॉकेटसकट जळाल्या होत्या, एक्सपोसोबत काही बोर्ड ते व्होल्टेज फार वर नेत होते. त्यानंतर एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली आणि सगळ्या बोर्डांना नवीन बायोस आलं. म्हणून बोर्ड बसवला की पहिलं काम बायोस अपडेट, एक्सपो त्याच्यानंतर.

बोर्ड बी६५० घे. ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक नाही, आणि पुढे मोठी चिप टाकायची झाली तर त्यांचे व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) बहुतेक तुटपुंजे पडतात.

आता आपल्या हवामानाचं. अठे मे महिनामा ४४ आणि जानेवारीमा धुळ्याला पारा १० च्या खाली, एवढा फरक पुण्यावाल्याला नसतो. मग वर्षभर एकच सेटिंग कशाला? बायोसमध्ये प्रोफाइल सेव्ह करता येतात. मी दोन ठेवतो. उन्हाळ्याच्या प्रोफाइलमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर निगेटिव्ह आणि पीबीओमध्येच तापमानाची मर्यादा असते ती ९५ ऐवजी ८०-८५. हिवाळ्याच्या प्रोफाइलमध्ये तेच निगेटिव्ह, पण वर बूस्टला जास्तीचे २०० मेगाहर्ट्झ. ७६०० ला ते देता येतं, म्हणजे ५.१ चा ५.३, घरबसल्या ७६००एक्सच्या बरोबरीला. होळी झाली की एक, दिवाळी झाली की दुसरं. हे ओव्हरक्लॉकच आहे आणि ह्यात मजाही आहे, पोराने शिकावं असं मला मनापासून वाटतं.

एक इशारा तेवढा. पीबीओ चालू करून चिप खराब झाली तर ते वॉरंटीत बसत नाही, एएमडीच्या अटीत तसं लिहिलेलं आहे. ते समजून-उमजूनच हात घाल. आणि पीसी चालूच झाला नाही तर घाबरू नको, प्लग काढ, बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं काढून परत बसव, सगळ्या सेटिंग मूळपदावर येतात.

यावल_पोरगा :

बाप रे, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. दादा, ताई, मनापासून आभार. त्या दुकानदाराला फोन केला, बी७६० वर मल्टिप्लायर कसा वाढवणार विचारलं तर म्हणे आमचा माणूस करतो, बिल पण नाही म्हणे. तो विषय मी संपवला.

आता दोन शंका राहिल्या. एक, मित्र आता म्हणतोय की ५६०० नको तर ५७००एक्स३डी घे, कॅश जास्त असते म्हणून गेमला ७६०० पेक्षा भारी. खरं का? आणि दुसरं लाईटचं. सध्या घरी ६०० व्हीएचा यूपीएस आहे, तो चालेल का, आणि व्होल्टेज कमी असताना गेम खेळल्याने प्रोसेसरवर काही होतं का? कॅबिनेटला हात लावला की कधीकधी मुंग्या आल्यासारखं होतं, तेही सांगा.

तापीकाठ_भुसावळ :

एक्स३डी म्हणजे चिपवर एल३ कॅशचा जास्तीचा थर. ७६०० ला ३२ एमबी, ५७००एक्स३डी ला ९६ एमबी. गेम पुन्हा पुन्हा तोच डेटा मागत असतो, पाणी घरातल्या माठात असलं तर दरवेळी विहिरीवर जावं लागत नाही, तसं प्रोसेसरला रॅमकडे जावं लागत नाही आणि फ्रेम लवकर तयार होते. काही गेमला ह्याचा प्रचंड फायदा होतो, काहींना जवळजवळ नाही, कारण ५७००एक्स३डी चा स्पीड ४.१ पर्यंतच आणि कोर जुन्या पिढीचे. मित्राचं एकदम चूक नाही, ज्याच्याकडे एएम४ बोर्ड आहे त्याच्यासाठी ती सोन्यासारखी चिप आहे. तू नवीन सेट जमवतोयस, तू ७६०० घे आणि दोन-तीन वर्षांनी ह्याच बोर्डावर ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी सेकंडहँड बसव. तो रस्ता तुला उघडा राहतो, ५७००एक्स३डी च्या पुढे रस्ता नाही.

ओव्हरक्लॉकची हौस असेल तर हेही माहीत असू दे की ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी चा मल्टिप्लायर लॉक आहे, कारण कॅशचा थर कोरच्या डोक्यावर बसलेला, उष्णता बाहेर निघायला अडचण. ७८००एक्स३डी ची मर्यादा ८९ डिग्री आहे ती त्याच्यामुळेच. नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या ९८००एक्स३डी मध्ये तो थर कोरच्या खाली नेला, म्हणून ती पूर्ण अनलॉक आहे.

यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट, तेही नवीन बॅटरीवर. ७६०० आणि ९०६० एक्सटी गेममध्ये मिळून २५०-३०० पर्यंत घेतील, वर मॉनिटर, आणि कार्ड क्षणभर उडी मारतं ती वेगळी. जुन्या ६०० वर गेम चालू असताना लाईट गेली तर यूपीएसच आडवा होईल. १००० व्हीए किंवा वरचा बघ, दहा मिनिटं मिळाली तरी पुरे, सेव्ह करून बंद करायचं. आणि बायोस अपडेट करताना यूपीएस लागलेला पाहिजेच, मध्येच लाईट गेली तर बोर्ड निकामी होतो.

कमी व्होल्टेजने प्रोसेसरला काही होत नाही, तो थेट लाईटवर नसतो, मध्ये एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, आहे. एसएमपीएसच्या लेबलवर १००-२४० लिहिलेलं असेल तर १७० व्होल्टलाही तो निवांत चालतो, २००-२४० वाला असेल तर त्रास देईल. घेताना लेबल वाच. पीसी ओव्हरक्लॉक टेस्टिंगला लावलाय, रिस्टार्ट झाला, आणि आपण चिपला दोष देत बसतो, खरं कारण भिंतीतलं असतं, हे गिऱ्हाइकांच्या पीसीत मी नेहमी बघतो. टेस्टिंग रात्री उशिरा कर, लोड कमी असतो तेव्हा.

जामनेर_काका :

पोरा, मुंग्या येतात म्हणजे अर्थिंग नाही, हे हसण्यावारी नेऊ नको. एसएमपीएसच्या आत फिल्टर असतो, त्यातून थोडा करंट बॉडीवर येतो आणि तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायला पाहिजे. वायर नसेल तर तो तुझ्यातून जातो. वायरमन बोलाव, मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ मधलं व्होल्टेज बघायला सांग, दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर खड्डा नवीन करावा लागेल. एक लाखाचं सामान आणतोस, त्याच्या आधी हे काम उरकून घे.

दुसरं, आमच्याकडे जिनिंग सुरू झालं की दिवाळीपासून पुढे हवेत कापसाचा तूस असतो. तो पंख्याच्या जाळीवर गालिच्यासारखा बसतो, पंखे फिरत राहतात पण हवा आत जात नाही. यावलला केळी असली तरी आजूबाजूला कापूस आहेच. समोर जाळी असलेलं कॅबिनेट घे, पुढची जाळी दर महिन्याला काढून धू. आतून ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, ब्लोअरच्या जोराने तो उलटासुलटा गरगर फिरला की बेअरिंग जातं.

यावल_पोरगा :

काका, वायरमनला उद्याच बोलावतो, पप्पांनाही हे वाचून दाखवलं. यादी अशी करतोय : ७६००, बी६५० बोर्ड, ६००० सीएल३० च्या १६-१६ च्या दोन काड्या, ९०६० एक्सटी, साधा टॉवर कूलर, ६५० वॅटचा १००-२४० वाला एसएमपीएस, १००० व्हीए यूपीएस. बजेट थोडं वर जातंय, रॅममुळे. पप्पा म्हणे यूपीएसचे पैसे घरखर्चातून देतो, टीव्हीलाही कामाला येईल. सामान आल्यावर नेमकं कोणत्या क्रमाने करू?

सातपुडा_शिरपूर :

यादी चांगली आहे. रॅमने बजेट फारच ताणलं तर कार्ड किंवा एसएमपीएसमध्ये काटछाट करू नकोस, त्याऐवजी टॉवर कूलर सध्या राहू दे आणि बॉक्सच्या पंख्यावर चालव, मार्च लागला की घे.

क्रम असा ठेव. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काळी राहील, पंखे फिरतील आणि काहीच दिसणार नाही. एएम५ वर रॅमचं ट्रेनिंग चालतं, काही मिनिटं जातात, घाबरून पॉवर बटण दाबू नकोस. चालू झालं की बायोस अपडेट. मग विंडोज, ड्रायव्हर, आणि आठवडाभर काहीही न बदलता खेळ. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं टूल) लावून खोलीचं तापमान आणि चिपचं तापमान दोन्ही वहीत लिहून ठेव, खोलीचं लिहिलं नाहीस तर पुढे कशाशीच तुलना करता येणार नाही.

मग एक्सपो चालू कर आणि मेमटेस्ट (रॅम तपासणारं टूल) रात्रभर, एकही एरर चालणार नाही. एक एरर आली तरी ६००० वरून ५८०० वर ये, एरर घेऊन पुढे गेलास तर विंडोजच्या फाइल खराब होतील. ते झाल्यावरच कर्व्ह ऑप्टिमायझर, सगळ्या कोरला निगेटिव्ह १०, दोन-चार दिवस रोजचा वापर, मग १५, मग २०. एका वेळी एकच गोष्ट बदल. एक्सपो आणि कर्व्ह एकाच दिवशी बदललेस आणि पीसी बंद पडला तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग राहत नाही. २० च्या पुढे जायची मला तरी गरज वाटत नाही, तापमानातला मोठा फरक तोपर्यंत मिळून जातो.

धुळे दादांचं हिवाळ्याचं प्रोफाइल त्यानंतर कर, आणि आकडे इथेच टाक, खोलीच्या तापमानासकट. मला यावलच्या स्लॅबखालचे मे महिन्यातले आकडे बघायचेत.

धुळे_ओसी :

प्रोफाइल सेव्ह करताना पेनड्राइव्हवर पण एक कॉपी ठेव भाऊ, बायोस अपडेट केलं की बोर्डावरचे प्रोफाइल बऱ्याचदा पुसले जातात. काही अडलं तर ह्याच धाग्यावर विचार, रातले उशिरलोंग जागाच राहस मी.